फॉरेस्ट्री परदेशातून जरूर करावी, पण त्यासाठी सातबारा गहाण नको

दिंडोरी तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी नाशिकला बॉटनी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला परदेशात फॉरेस्ट्रीत मास्टर्स करायचं आहे. आमची चार एकर द्राक्षबाग आहे. कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराने कॅनडातला कमी मुदतीचा कोर्स सुचवला. सगळा मिळून 35 लाख खर्च सांगितला, आणि बाग तारण ठेवली तर कर्जाचं मी बघतो म्हणाला. माझे दोनच प्रश्न आहेत. जंगल आपल्या पेठ-सुरगाण्यात, मग झाडं शिकायला एवढ्या लांब कशाला? आणि परत आल्यावर फॉरेस्ट खात्यात नोकरी लागेल का? बाकी पोरीला आवड आहे हे खरं, दर रविवारी नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जाते."

भाऊसाहेब, नमस्कार.

दुसरा प्रश्न आधी घेतो, त्याचं उत्तर लहान आहे. वनखात्यात जायला परदेशी पदवी लागत नाही, आणि ती असली म्हणून वेगळी रांगही मिळत नाही. भारतीय वनसेवेची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला पदवी पुरते. बॉटनीची बी.एस्सी. त्यात बसते. पूर्वपरीक्षा आयएएसवाल्यांबरोबरच असते. पुढे मुलाखतीपर्यंत पोचलेल्या मुलींना चार तासांत 14 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. राज्यातलं सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल, म्हणजे आपल्या बोलण्यातला आरएफओ, ही पदं एमपीएससीतून भरतात. तिथेही विज्ञानाची पदवी चालते. म्हणजे खाकी वर्दी हेच मनात असेल, तर 35 लाख आणि दोन वर्षं परदेशात घालवण्याचं कारण नाही. तोच वेळ तिने अभ्यासाला द्यावा. यूपीएससीच्या या परीक्षेला वयाची मर्यादा खुल्या गटाला 32 आहे, तेव्हा हे लांबणीवर टाकण्यासारखंही नाही.

आता पहिला प्रश्न. जंगल आपलं आणि शिकायचं परक्याकडे, हा प्रकार आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे. 1864 मध्ये हिंदुस्थानातल्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर जनरल नेमले गेले ते डीट्रिख ब्रँडिस, जर्मन माणूस. त्याआधी ते ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर होते. गंमत म्हणजे ते मुळात बॉटनीचेच, तुमच्या लेकीसारखे. त्या काळात जर्मनीत जंगलाचा हिशेब ठेवायची पद्धत बसली होती: किती लाकूड उभं आहे, दर वर्षी किती वाढतं, त्यातलं किती काढलं तर जंगल टिकतं. ड्रेस्डेनजवळच्या थारांट गावात हाइनरिख कोटा यांनी 1811 मध्ये आपली वनशाळा आणली. ती आज ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे उष्ण कटिबंधातल्या जंगलांवरचा मास्टर्स इंग्रजीतून शिकवतात. जर्मनीतल्याच ग्योटिंगेन विद्यापीठातही तसा कोर्स आहे. म्हणजे तिकडे जाऊन फक्त सूचिपर्णी झाडंच शिकावी लागतात असं नाही. साग, बांबू, गावाच्या हक्काचं जंगल, कार्बनचा हिशेब, उपग्रहाच्या चित्रावरून जंगलाची मोजणी हे सगळं तिथे येतं, आणि वर्गात शेजारी इथिओपियाचा नाहीतर इंडोनेशियाचा वनअधिकारी बसलेला असतो. मला विचाराल तर परदेशी जाण्याचा खरा फायदा त्या शेजाऱ्याचा आहे.

पण तुमच्या पत्रातली मला अडकवणारी ओळ वेगळीच आहे. पोरगी दर रविवारी पक्षी बघायला जाते, ही. तुम्ही ती आवडीचा पुरावा म्हणून लिहिलीत. मला तिथे शंका आली.

फॉरेस्ट्री म्हणजे पक्षी-प्राणी वाचवण्याचं शास्त्र नाही. ते झाडं वाढवण्याचं, मोजण्याचं, विरळणीचं आणि तोडण्याचंही शास्त्र आहे. एक साधं काम सांगतो. हरसूलच्या बाजूला उतारावर एक चौकोन आखायचा आणि त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर घ्यायचा. भारतात ही उंची जमिनीपासून 1.37 मीटर धरतात, युरोपात 1.3. उतार असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचं. खोडाला त्याच जागी गाठ किंवा फांदी असेल तर जागा वर-खाली सरकवायची, वेल गुंडाळलेली असेल तर टेप वेलीच्या आतून घ्यायची, आणि प्रत्येक आकडा वहीत. असे चौकोन दिवसभर. संध्याकाळी त्या आकड्यांवरून हेक्टरी किती घनमीटर लाकूड आहे ते काढायचं, आणि मग यातली कुठली झाडं काढायची ते ठरवायचं. काही मुलांना यात अतोनात रस येतो. काहींना तिसऱ्या दिवशी कळतं की आपल्याला झाडावरचा पक्षी हवा होता, झाडाचा घेर नव्हे.

त्यात वाईट काहीच नाही, फक्त ते कर्ज काढायच्या आधी कळावं. पक्षी आणि प्राणीच हवे असतील तर रस्ता वन्यजीवशास्त्राचा. त्यासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एन.सी.बी.एस. हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र, या दोन ठिकाणचे एम.एस्सी. कोर्स देशातच आहेत. जागा फार थोड्या, स्पर्धा तगडी, पण दर्जाला परदेशाहून कमी नाहीत. आणि फॉरेस्ट्रीच हवी असेल, तर देहरादूनच्या वन अनुसंधान संस्थेच्या एम.एस्सी. फॉरेस्ट्रीला बॉटनीवाले चालतात. दापोली आणि अकोल्याच्या एम.एस्सी.ला सहसा चार वर्षांची फॉरेस्ट्रीची बी.एस्सी. लागते, तो दरवाजा तिच्यासाठी जवळजवळ बंद समजा. भोपाळची आय.आय.एफ.एम. ही व्यवस्थापनाची संस्था आहे, तिथे जंगलापेक्षा जंगलाचं अर्थकारण जास्त.

समजा हे सगळं पाहूनही ती म्हणाली, फॉरेस्ट्रीच आणि बाहेरच. मग पैशाचं बोलू.

35 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता 48 हजारांच्या पुढे जातो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. परत येऊन जंगलाच्या क्षेत्रात, संस्थेत किंवा सल्लागार कंपनीत, सुरुवातीचा पगार घेणाऱ्या मुलीला हा हप्ता पेलणार नाही. म्हणजे तो बागेतून जाणार. अवकाळी आणि गारपीट झालेल्या वर्षी बागेतून काय जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. तिकडेच नोकरी करून फेडेल म्हणाल, तर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात फॉरेस्टर म्हणून काम करायला परवाना लागतो आणि तो मान्यताप्राप्त पदवी, अनुभव यांच्यावर मिळतो. सल्लागाराला एवढंच विचारा की हा कोर्स त्या परवान्याला धरतात का. उत्तर लेखी घ्या. शिवाय तिकडे कमी मुदतीचे वर्गातले कोर्स महाग असतात आणि त्यांना शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. दोन वर्षांचा प्रबंधाचा मास्टर्स घेतला आणि एखाद्या प्राध्यापकाने आपल्या प्रकल्पावर घेतलं, तर बराचसा खर्च तिथूनच निघतो. त्यासाठी प्राध्यापकांना स्वतः, त्यांचं काम वाचून पत्रं लिहावी लागतात. ते एजंट करत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही.

जर्मनीचं गणित वेगळं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरची किरकोळ वर्गणी असते. फ्रायबुर्गचं विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-खाण्याचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात, म्हणजे आजच्या भावाने 12 लाखांच्या आसपास. ते तुमचेच पैसे, दरमहा थोडे थोडे परत मिळतात. त्याआधी एपीएस नावाची कागदपत्रांची तपासणी करून घ्यावी लागते, तिला वेळ लागतो. एक कटू गोष्ट मात्र सांगतो: कोर्स इंग्रजीत असला तरी तिथल्या जंगलात नोकरी जर्मन भाषेशिवाय मिळत नाही. मजूर, लाकडाचे व्यापारी, गावचे मालक सगळे जर्मन बोलतात. भाषा शिकायची तयारी नसेल तर ती परत येणार असंच धरून चाला.

शिष्यवृत्त्यांकडे लोक शेवटी बघतात, त्या आधी बघाव्यात. युरोपच्या इरॅस्मस मुंडुस योजनेत वनविषयाचे कोर्स आहेत. दोन वर्षं दोन देशांत, फी माफ आणि महिना 1,400 युरो. चुरस जगभरातून असते. दुसरी जर्मनीच्या डाड या संस्थेची, विकसनशील देशांतल्या नोकरदारांसाठीची. तिच्या यादीत थारांट आणि ग्योटिंगेनचे उष्ण कटिबंधाचे कोर्स राहिले आहेत. पण अट अशी, की पदवीनंतर निदान दोन वर्षांचं संबंधित काम हवं आणि पदवी सहा वर्षांहून जुनी नको. राज्य सरकारच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत, प्रवर्गानुसार वेगवेगळ्या खात्यांच्या. अनुसूचित जमातींसाठीची आदिवासी विकास विभागाची आहे, आणि त्या विभागाचं आयुक्तालय आपल्या नाशिकलाच आहे. यातल्या काहींना विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत लागतं. फॉरेस्ट्रीत नाणावलेली ड्रेस्डेन, ग्योटिंगेन ही विद्यापीठं त्या रेषेच्या कधी आत, कधी बाहेर असतात. त्या वर्षीची क्रमवारी पाहिल्याशिवाय अर्ज करू नका.

डाडची दोन वर्षांची अट पुष्कळ पालकांना अडचण वाटते. मला ती वरदान वाटते. तुम्ही नवी बाग लावताना डॉगरिजचा खुंट आधी जमिनीत रुजू देता, मगच त्यावर थॉमसनचं कलम करता. इथेही तेच करा. दोन वर्षं तिला कामाला पाठवा. बायफसारख्या संस्था आदिवासी शेतकऱ्यांच्या वाडीवर, म्हणजे छोट्या फळबागांवर, काम करतात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आपल्या जंगलाचा आराखडा करायला मदतनीस लागतात. बांबूची कामं वाढताहेत, 2017 पासून वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला कायद्यात झाड धरत नाहीत, त्यामुळे शेतातला बांबू तोडायला-न्यायला पूर्वीसारखी आडकाठी राहिली नाही. पगार थोडा मिळेल. घेर मोजायचा की पक्षी, हे मात्र पहिल्या पावसाळ्यातच कळेल. सोबत संध्याकाळी क्यूजीआयएस हे फुकटचं नकाशाचं सॉफ्टवेअर आणि जर्मनचा एक वर्ग. बी.एस्सी.चं चौथं ऑनर्स वर्ष घ्यायची सोय तिला लागू होत असेल तर तेही विचारून ठेवा, कारण अमेरिका-कॅनडातली कित्येक विद्यापीठं तीन वर्षांच्या पदवीवर अडून बसतात.

एक कागदाची गोष्ट. छोट्या संस्थांत मुलं मानधनावर, तोंडी बोलीवर कामाला लागतात आणि दोन वर्षांनी अर्जाच्या वेळी हातात "उत्तम काम केले" एवढंच पत्र येतं. ते चालत नाही. रुजू झाल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, पद आणि कामाचं स्वरूप असं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लागतं. नियुक्तीपत्र पहिल्याच दिवशी मागून घ्यायला सांगा, आणि पगार बँकेतूनच घ्यायला.