जुन्या माझदा एमएक्स-५ च्या मागच्या चाकाकडून सतत घुमल्यासारखा आवाज येतो. टायर बदलले, तरी जात नाही. चाक हलवून बघितलं, प्ले (ढिलेपणा) नाही. म्हणजे बेअरिंग ठीक आहे असं समजायचं का?

अजिबात नाही. ‘प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठणठणीत’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण याच वाक्यापायी माझा अख्खा उन्हाळा गेला. आणि इंग्लंडात उन्हाळा असतो केवढा! त्यात ही गाडी घेतली ती छत उघडून फिरायला.

माझी २००१ ची, दुसऱ्या पिढीची. ताशी ४० मैलांच्या आसपास मागून बारीक घूं सुरू व्हायचं आणि ६० ला इतकं वाढायचं की शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागे. आधी गावातल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी पुढचे दोन्ही हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बदलले, बिल हातात ठेवलं, आवाज जिथल्या तिथे. या गाडीत पुढचा हब बेअरिंगसकट अख्खा मिळतो, जुना काढा, नवा चढवा, संपलं. मागचं बेअरिंग मात्र अपराइटमध्ये (चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या भागात) प्रेसने दाबून बसवलेलं असतं. म्हणजे अपराइट उतरवा, प्रेस शोधा, हब बाहेर ओढला की आतली रेस (बेअरिंगच्या गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) त्याच्यावरच अडकून येते ती वेगळी काढा. पहिला संशय नेहमी पुढच्या हबवरच का जातो, हे तुम्हीच ओळखा.

मग एका रविवारी साडू जेवायला आले. साडू मेकॅनिकल इंजिनियर, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी जॅक लावला, त्यांनी चाक वर-खाली धरून दोनदा हलवलं आणि हात झटकले. ‘प्ले नाही. बेअरिंग उत्तम आहे. जुनी गाडी आहे, आवाज येणारच, विकून टाका.’ बायकोलाही तेच ऐकायचं होतं.

आता नीट ऐका. बेअरिंग जातं तेव्हा आधी रेसचा पृष्ठभाग खराब होतो. ग्रीस संपतं किंवा पाणी शिरतं, आणि धातूचे बारीक खवले निघायला लागतात. पण हबचा नट दोनशेच्या वर न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, तो आतल्या रेस घट्ट दाबून धरतो. त्यामुळे आवाज आधी येतो, प्ले फार उशिरा. आणि जॅकवर चाक अधांतरी असताना त्याच्यावर गाडीचं वजन नसतं, तेव्हा ते गप्प फिरलं तर त्यात नवल काय?

म्हणून वजन टाकून ऐकायचं. गुळगुळीत डांबरी रस्ता घ्या. काँक्रीटच्या रस्त्यावर काही कळणार नाही. वेगात असताना न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच बाद. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलत असेल तर डिफकडे (मागच्या दोन चाकांत इंजिनची ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलकडे) बघा. माझ्यात बदलत नव्हता. मग लांबलचक उजव्या वळणावर गाडीचं वजन डाव्या चाकांवर आलं आणि आवाज जाड झाला, डाव्या वळणावर जवळपास नाहीसा. म्हणजे डावी बाजू.

पुढचे हब तर नवेच होते. तरी खात्रीसाठी मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलली, सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवली आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवलं. उजवीकडे काहीच जाणवलं नाही. डावीकडे स्प्रिंग बोटांना रवाळ लागली, एका ठराविक जागी जास्तच. कानाला ऐकू येत नव्हतं, बोटांना कळत होतं. बेअरिंग बदललं, आवाज गेला.

जुनी रेस मी पिशवीत घालून साडूंना दाखवली. म्हणाले, ‘हे काढताना खराब झालं असेल.’ साडू, वाचत असाल तर सांगतो: काढताना जोर गोळ्यांवर आला तर त्या जिथे टेकतात तिथे खड्डे पडतात, म्हणजे सारख्या अंतरावर. माझ्या रेसवर एका बाजूला सलग खवले निघालेले होते आणि तिथलंच ग्रीस काळं पडलेलं होतं. ते काढताना होत नाही.

हं, आता तुमच्यासाठी. वळणाची युक्ती बहुतेक वेळा चालते, दर वेळी नाही. गोळ्यांच्या दोन ओळी असलेल्या बेअरिंगमध्ये कधी कधी उलटंही ऐकू येतं, म्हणून बोटांची परीक्षा कराच. गाडीत लिमिटेड स्लिप डिफ (एक चाक दुसऱ्यापेक्षा फार वेगळं फिरू न देणारा डिफ) असेल तर मागचं एकच चाक उचलून ते मोकळं फिरणार नाही, दोन्ही उचला, आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय खाली हात घालू नका. या गाड्यांचे मागच्या ब्रेकचे कॅलिपरही (डिस्क पकडणारा भाग) अडकतात. फेरी मारून आल्यावर एकच रिम जास्त तापली असेल तर आधी तिकडे बघा, डिस्कला हात लावू नका. डिस्कमागचा पत्रा घासला तर खरखर येते, घुमत नाही. व्हील नट ढिले नाहीत ना, एवढं तरी बघितलं असेल असं धरतो.

गाडी चालवावी का? आवाज वाढत चालला असेल किंवा प्ले यायला लागला असेल, तर मोटरवेवर अजिबात नेऊ नका. आणि बेअरिंग बदलाल तेव्हा हबचा नट नवाच घ्या, त्याची कड ठोकून खाचेत बसवावी लागते, जुना परत लावू देऊ नका.