आरोग्य प्रश्नोत्तरे : बाळाच्या बाहुलीतील पांढरी चमक

प्रश्न : आमचा नातू चौदा महिन्यांचा आहे. गेल्या महिन्यात त्याचे जावळ काढले, तेव्हा फ्लॅश लावून काढलेल्या काही फोटोंत त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमकते. डाव्या डोळ्यात मात्र नेहमीसारखा लाल ठिपका दिसतो. बाळ हसते-खेळते आहे, डोळा दुखत असल्याचे कोणतेही लक्षण नाही. शेजारच्या बायका दृष्ट काढायला सांगतात आणि सुनेने मोबाइलवर कर्करोगाचे वाचल्यापासून तिला जेवण जात नाही. बाळ थोडे मोठे होईपर्यंत थांबावे का? कर्करोगच निघाला तर डोळा काढावाच लागतो का?
— एक आजी, पंचवटी, नाशिक

उत्तर : थांबू नये. आपले पत्र हाती पडले त्याच दिवशी आम्ही आपल्याला फोनवर हेच सांगितले. येथे सविस्तर लिहीत आहोत ते यासाठी की असे फोटो अनेक घरांत मोबाइलमध्ये पडून असतात आणि ‘फ्लॅशमुळे तसे दिसले असेल’ म्हणून पुढे सरकवले जातात.

फ्लॅशचा प्रकाश बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परततो, म्हणून निरोगी डोळ्यात लाल ठिपका दिसतो. मध्ये काही आडवे आले, की परतणारा प्रकाश पांढरा होतो. ते आडवे आलेले दरवेळी कर्करोगच असते असे मुळीच नाही. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचे, इतर आजार असू शकतात, आणि मूल तिरके पाहत असेल तर निरोगी डोळ्यातील दृष्टिमज्जेचे (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे) टोकसुद्धा एखाद्या फोटोत तसे चमकते. परंतु एकाच डोळ्यात, वेगवेगळ्या फोटोंत, पुन्हा पुन्हा चमक दिसत असेल, तर रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. बालकांत डोळ्याच्या आत होणारा हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, तरी तो दुर्मीळच; साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो आणि बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आत कळतो. सुरुवातीला तो दुखत नाही, हीच त्यातली फसवी गोष्ट. नव्याने दिसू लागलेला तिरळेपणा हे त्याचे दुसरे महत्त्वाचे लक्षण आहे आणि आपल्याकडे ‘मोठेपणी जाईल’ म्हणून त्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. फोटो सोबत न्यावेत. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन्ही डोळे तपासायला सांगावे, कारण नुसत्या टॉर्चने बघून ‘ठीक आहे’ म्हणणे येथे पुरेसे नाही. संशय राहिला तर भूल देऊन तपासणी करतात. भूल म्हटल्यावर आईचे काळीज हलते, ते आम्ही जाणतो. पण सव्वा वर्षाचे मूल डोळा स्थिर ठेवत नाही आणि दृष्टिपटलाची पार कडेपर्यंत पाहणी झाल्याशिवाय निदान पक्के होत नाही. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, डोळा बाहेरून हलकेच दाबत एकेक कोपरा पुढे आणून पाहतात. सोबत सोनोग्राफी आणि एमआरआय होतो. एक गोष्ट लक्षात ठेवावी : डोळ्याच्या आत ही गाठ असल्याचा संशय असताना सुई घालून तुकडा काढत नाहीत, कारण त्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे. डोळा काढावाच लागतो असे नाही. गाठ लहान असेल तर लेसरने किंवा अतिशीत उपचाराने ती नष्ट करता येते; मोठी असेल तर केमोथेरपीने आधी आकसवतात. ही औषधे शिरेतून देतात, तर काही केंद्रांत जांघेतील धमनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नेऊन देतात. मात्र डोळा गाठीने भरला असेल, नजर उरली नसेल आणि आजार बाहेर पडण्याची भीती असेल, तर डोळा काढणे हाच मुलाला वाचवण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो. आधी जीव, मग डोळा, मग नजर, हा क्रम जगभरचे डॉक्टर पाळतात. आजार डोळ्यापुरता असतानाच उपचार झाले तर बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. येथे नकार देऊन झाडपाल्यात काही महिने घालवले, तर तो दृष्टिमज्जेच्या वाटेने मेंदूकडे जातो. डोळा काढल्यावर खोबणीत गोळा बसवून डोळ्याचे स्नायू त्याला जोडतात आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवून रंगवलेला कृत्रिम डोळा बसवतात. तो थोडाफार हलतोही. अशी मुले शाळेत जातात, खेळतात.

निदान पक्के झाले तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या, असे उपचार नेहमी करणाऱ्या केंद्रातच जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या चौकशीसाठी शिधापत्रिका, आधारकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला जवळ असू द्यावा. सुमारे ४० टक्के रुग्णांत आरबी-१ जनुकातील दोष जन्मतःच शरीरातील सर्व पेशींत असतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासावेत आणि जनुकीय चाचणीविषयी विचारावे. हा दोष बऱ्याचदा कुटुंबात कोणालाही नसताना बाळात नव्याने उद्भवतो. सुनेला कोणी बोल लावत असेल, तर आजी म्हणून आपण ते थांबवावे.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. त्यांच्या वरच्या पापणीतील रांजणवाडी दोनदा चिरून काढली, तरी त्याच जागी पुन्हा आली. तिथले केसही गळले आहेत. काय करावे?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : उतारवयात त्याच जागी पुन्हा येणारी गाठ आणि गळलेल्या पापण्या ही नुसती रांजणवाडी नसावी. पापणीतील तैलग्रंथींचा कर्करोग अगदी असाच दिसतो आणि पाश्चात्त्य देशांत क्वचित आढळणारा हा प्रकार भारतात पापणीच्या कर्करोगांत बराच आढळतो. आता मलम बदलत बसू नये. तुकडा काढून पॅथॉलॉजी तपासणी करून घ्यावी आणि कानापुढे वा मानेत गाठी लागतात का, हेही डॉक्टरांना पाहायला सांगावे. कर्करोग ठरल्यास गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढून पापणी पुन्हा घडवतात. आधीच्या दोन्ही वेळी काढलेला भाग तपासणीला पाठवला होता का, हे त्या दवाखान्यात विचारावे; पाठवला असेल तर प्रयोगशाळेतून स्लाइड (काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून नव्या डॉक्टरांकडे न्यावेत.