जुन्या गाडीसाठी किफायतशीर टायर निवडताना
जुन्या गाडीला चांगल्या पकडीचे टायर घेताना आधी दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेले माप आणि भारांक (एक टायर किती वजन पेलू शकतो हे दाखवणारा सांकेतिक आकडा) पाहावा; ९१ भारांकाचा टायर ६१५ किलो भार पेलतो, आणि मूळ भारांकाहून कमी क्षमतेचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, ट्रकसाठी तर मुळीच नाही. मग टायरच्या बाजूवरचे निर्मितीचे चार अंक वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीतला टायर वर्षानुवर्षे पडून राहिलेला असू शकतो, आणि नक्षी कोरी दिसली तरी रबर कडक झालेले असते. नखाने दाबून पाहिल्यास तो कडकपणा मला बहुधा जाणवतो. दोनच टायर बदलायचे असतील, तर नवे मागे बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी सावरणे फार अवघड जाते.