जाताना लवकर, येताना उशीर का?

प्रश्न : दिल्लीहून टोकियोच्या हानेदा विमानतळावर आम्ही साडेसात तासांत पोहोचलो, परतीला मात्र साडेनऊ तास लागले. अंतर तेच असताना असे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हे हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर भरते. परंतु दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान जेट प्रवाह जाताना विमानाला पुढे ढकलतो आणि येताना समोरून अडवतो, आणि हिवाळ्यात जपानवर तो विशेष जोरात असल्याने हा फरक तेव्हा अधिक जाणवतो. तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची नुसती वजाबाकी करू नये : दिल्लीहून रात्री आठला निघून साडेसात तास उडालेले विमान टोकियोत सकाळी सातला उतरते, कारण जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे आहे.