‘ट्रेसर’ला मराठीत काय म्हणावं?

एका विद्यार्थी मासिकासाठी जॉर्ज डी हेवेशी या रसायनशास्त्रज्ञावर लेख लिहिणाऱ्या वाचकाची विचारणा आहे : ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह ट्रेसर’साठी, म्हणजे एखादा पदार्थ कुठे जातो ते किरणांवरून कळावं म्हणून त्यात मिसळलेल्या किरणोत्सारी अणूंसाठी, कोशात ‘अनुरेखक’ सापडलं. संपादकांना ते पटलं नाही, कारण अनुरेखक म्हणजे नगररचना कार्यालयात नकाशे काढणारा माणूस, असं त्यांचं म्हणणं. मग योग्य शब्द कोणता?

संपादकांचं बरोबर आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातींत ‘अनुरेखक’ हे पद असतं आणि त्याचं काम मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवण्याचं. इंग्रजी ‘ट्रेस’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, गिरवणं आणि माग काढणं. कोशकारांनी पहिल्या अर्थाचा शब्द दुसऱ्याच्या जागी नेऊन बसवला. अणू काही गिरवत नाही.

पण मग ‘माग काढणारा’ म्हणावं का? मलाही आधी तेच सुचलं होतं. ‘माग’ हा फार जुना, फार सुंदर शब्द आहे. संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’. आणि ‘मार्ग’चं नातं ‘मृग’शी सांगितलं जातं : रानातल्या जनावराच्या चालीने उमटलेली वाट, तो मार्ग. मागावर असणे, माग लागणे, मागोवा, मागमूस, हे सगळं त्या वाटेवरचं. ‘हातमाग’ आणि ‘यंत्रमाग’ यांतला माग वेगळ्या अर्थाचा, त्यामुळे नुसतं ‘मागवाला’ म्हटलं तर इचलकरंजीत किंवा मालेगावात भलताच माणूस डोळ्यांपुढे येईल. ‘मागदर्शक’ही जुळवून पाहिलं; प्रत्येक मुद्रितशोधक त्यात रफार घालून ‘मार्गदर्शक’ करणार. तेही सोडलं.

मात्र खरी अडचण या गोंधळांची नाही. हेवेशींनी नेमकं काय केलं ते पाहिलं की ती कळते, म्हणून शब्द बाजूला ठेवून थोडं त्यांच्याकडे जाऊ.

हेवेशींचा जन्म बुडापेस्टचा, १८८५ सालचा. १९११च्या सुमारास ते मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांच्याकडे काम करत होते. तिथे ऑस्ट्रियाकडून भेट आलेलं भरपूर शिसं पडून होतं आणि त्यात ‘रेडियम डी’ नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. तो शिशापासून वेगळा काढ, असं रदरफर्ड यांनी त्यांना सांगितलं. हेवेशी दीर्घकाळ झटले, हरतऱ्हेच्या रासायनिक युक्त्या वापरल्या, काहीही साधलं नाही. साधणारही नव्हतं. रेडियम डी म्हणजे शिसंच, शिसे-२१०. त्याचं रसायन शिशाचंच, मग रसायनाने ते वेगळं कसं होणार? एकाच मूलद्रव्याचे, रसायन तेच पण वस्तुमान वेगळं असलेले अणू म्हणजे ‘समस्थानिक’; या कल्पनेला रसायनशास्त्रज्ञ सॉडी यांनी नाव दिलं ते १९१३ साली. हेवेशींचं अपयश त्याच्या उंबरठ्यावरचं.

इथून पुढचं मला नेहमी थक्क करतं. हेवेशींनी तीच गोष्ट उलटी धरली : जे शिशापासून वेगळं होतच नाही, ते शिसं जिथे जाईल तिथे जाणार. मग चिमूटभर रेडियम डी साध्या शिशात मिसळून द्या, आणि किरणं मोजली की सगळं शिसं कुठे आहे ते कळेल. १९१३ साली व्हिएन्नात फ्रिट्झ पानेट यांच्याबरोबर त्यांनी शिशाच्या सल्फाइड आणि क्रोमेट या क्षारांची विद्राव्यता अशी मोजली. हे क्षार पाण्यात इतके कमी विरघळतात की तराजूला ते समजतच नाहीत.

मँचेस्टरच्या खानावळीचा किस्सा हेवेशी स्वतः सांगत. उरलेलं मांस घरमालकीण पुन्हा पानात वाढते, असा त्यांना संशय होता आणि ती ते मानायला तयार नव्हती. त्यांनी एके दिवशी पानात टाकलेल्या अन्नात थोडं किरणोत्सारी द्रव्य मिसळलं. पुढे काही दिवसांनी आलेल्या पदार्थाजवळ विद्युतदर्शी (किरणोत्सार ओळखणारं साधं उपकरण) नेला, आणि तो बोलला.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यात माग कोण काढतंय? अणू नाही. अणू चालतोय, इतर लाखो अणूंबरोबर, त्यांच्यातलाच एक होऊन. माग काढणारा हेवेशी, त्यांच्या हातातला विद्युतदर्शी. गुरांच्या कळपात एकीच्या गळ्यात घंटा बांधतात आणि गुराखी आवाजावरून कळप ओळखतो. त्या गाईला आपण ‘शोधणारी’ म्हणत नाही. इंग्रजीतल्या कर्तृवाचक प्रत्ययाने हा भेद झाकला जातो आणि त्याच्यावरून घडवलेल्या आपल्या शब्दांनीही. हेवेशी आणि पानेट यांनी जर्मनमध्ये सुरुवातीला शब्द वापरला होता तो ‘इंडिकाटोर’, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकात लिटमसला म्हणतो तो ‘दर्शक’. तो कर्तृत्वाचा दावा करत नाही, म्हणून अधिक प्रामाणिक वाटतो. पण त्यात प्रवास नाही. लिटमस जागच्या जागी रंग बदलतो. हा अणू चालतो.

म्हणून माझी सूचना ‘खुणेचा’. खुणेचा दगड, खुणेचं झाड, तसं खुणेचं शिसं, खुणेचा फॉस्फरस. चौघांसारखंच, फक्त ओळखू येणारं. पद्धतीला ‘मागोवा’ म्हणा, कारण मागोवा आपण घेतो. दोन शब्द, दोन कामं.

वाक्यात घालून बघा. ‘१९२३ साली हेवेशींनी बाकल्याच्या रोपांची मुळं खुणेच्या शिशाच्या द्रावणात बुडवली आणि ते शिसं मुळांतून खोड-पानांत किती चढतं याचा मागोवा घेतला.’ किंवा : ‘१९३५ साली उंदरांना खुणेचा फॉस्फरस खाऊ घातला, तेव्हा दिसलं की हाडांतला फॉस्फरससुद्धा सतत बदलत असतो.’ हाड म्हणजे एकदा बांधलेली भिंत, ही समजूत त्या प्रयोगाने मोडली. हा फॉस्फरस-३२ सुमारे चौदा दिवसांत अर्धा होतो, म्हणजे प्रयोगापुरती खूण टिकते. अडखळलात का? मी नाही अडखळलो.

मुंबईकरांसाठी जवळचं उदाहरणही आहे. बंदरातला गाळ उपसून टाकल्यावर तो पुन्हा कुठे वाहत जातो हे पाहायला स्कँडियम-४६ असलेली काचेची पूड वापरली गेली. तिला ‘खुणेचा गाळ’ म्हटलं की कोळीवाड्यातल्या माणसालाही काय चाललंय ते कळेल. ‘किरणोत्सारी अनुरेखक’ म्हटलं तर अभियंतासुद्धा क्षणभर थांबेल.

एक सावधगिरी. ‘ट्रेस एलिमेंट’मधला ‘ट्रेस’ वेगळा, तो अत्यल्प प्रमाणाचा. तिथे ‘सूक्ष्म’ किंवा ‘लेशमात्र’ हेच ठीक. तिथे खूण आणू नका.

लेखात १९४३च्या नोबेलचं (ते प्रत्यक्ष जाहीर झालं १९४४ साली) कारण द्यायचं असेल, तर असं देता येईल : ‘रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासात समस्थानिकांचा खुणेसारखा वापर केल्याबद्दल’. आणि १९४०चा प्रसंग जरूर घ्या. जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा तिथे काम करणाऱ्या हेवेशींनी लाउए आणि फ्रांक या भौतिकशास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं अम्लराजात, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणात, विरघळवली. बाटली प्रयोगशाळेच्या फळीवर राहिली, शोधणाऱ्यांना मागमूस लागला नाही. युद्धानंतर ते सोनं परत मिळवून पदकं नव्याने घडवली गेली. इथे ‘मागमूस’ अगदी जागेवर बसतो.

नावाबद्दलही विचारलंय : हेवेसी की हेवेशी? हंगेरियनमध्ये ‘एस’ या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो. हेवेशी.