तोंडी सांगितलेल्या जादा कामाचे पैसे मालक देत नाही, काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या बार्देश तालुक्यात एका बंगल्याचे काम तुम्ही सामान-मजुरीसह घेतले, लेखी करार आहे. मालक बाहेर राहतो. काम चालू असताना त्याने फोनवर आणि व्हॉट्सॲपवर कंपाउंडची भिंत वाढवायला आणि टाइल्स बदलायला सांगितले. ताबा घेऊन आठ महिने झाले. आता तो जादा कामाचे सात लाख देत नाही, उलट उशिराचा दंड कापणार म्हणतो.

पैसे मिळण्यासारखे आहेत. पण वकिलाकडे जाण्याआधी मापे पक्की करा. अशी प्रकरणे बहुतेक मापांवरच अडतात, आणि तुमची भिंत तर अर्धी मातीत आहे.

समजा करारात पायाची खोली ०.६० मीटर होती आणि उतारावर घट्ट जमीन लागेपर्यंत १.०५ मीटर खोदावे लागले. भिंत ४० मीटर लांब, पाया ०.६० मीटर रुंद. म्हणजे ४० × ०.६० × ०.४५ = १०.८० घनमीटर चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) जादा बांधकाम, आणि तेवढेच जादा खोदकाम. हा आकडा आज कोणालाच दिसत नाही. म्हणून मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेला संयुक्त मोजणी आहे, स्वतः या किंवा माणूस पाठवा. किमान सात दिवसांची मुदत द्या. त्या दिवशी, मालकाच्या परवानगीने, भिंतीलगत दोन-तीन ठिकाणी पायाच्या तळापर्यंत खड्डे घ्या, टेप लावून फोटो काढा, आणि मापाच्या कागदावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. तो आला नाही किंवा खोदू दिले नाही, तर तसे लिहून ठेवा आणि स्वतंत्र इंजिनिअरकडून अहवाल करून घ्या. चिऱ्यांच्या ट्रकची चलने, टाइल्सची बिले, मेस्त्रीचा हजेरीपट हे सगळे तारखेप्रमाणे लावा.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञ भरतो. तो मोबाइल विकू नका, चॅट पुसू नका.

आता कायद्याचे. करारात ‘लेखी मंजुरीशिवाय जादा कामाचे पैसे नाहीत’ असे कलम आहे का, ते आधी वाचा. असेल तर मालकाचे संदेश हीच लेखी सूचना, असे मांडावे लागेल. तसे कलम नसेल आणि ते काम कराराबाहेरचे असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० उपयोगी पडते: काम कायदेशीरपणे केले, फुकट करायचा हेतू नव्हता आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. दर करारात असेल तो लावा, नसेल तेव्हा बाजारभाव. मनाचा दर लावलात की सगळ्या बिलावरच संशय येतो.

उशिराच्या दंडाला घाबरू नका. मुदत हा कराराचा गाभा धरला, तरी मुदत टळल्यावर काम स्वीकारणाऱ्याने त्याच वेळी भरपाईची नोटीस द्यावी लागते, असे याच करार कायद्याचे कलम ५५ सांगते. ताबा घेताना त्याने काही लिहून दिले होते का, ते बघा. शिवाय करारातला दंडाचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा. कलम ७४ खाली मिळते ती वाजवी भरपाईच. त्याने सांगितलेल्या बदलांत किती दिवस गेले, याचा तक्ता तारखांसह करा.

तारीख सांभाळा. पैसे देण्याची वेळ ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या तोंडी शब्दावर ती मुदत वाढत नाही; तीन वर्षांच्या आत सहीची लेखी कबुली मिळाली तरच नव्याने मोजली जाते.

करारात लवादाचे कलम असेल तर आधी लवादाची नोटीस. नसेल तर वकिलाची नोटीस द्या. बांधकामाचे करार व्यावसायिक वादांत मोडतात, आणि रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर, दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ तीन वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत. मालक बाहेरगावचा असल्याने खरे तर इथेच बऱ्यापैकी तडजोड होऊ शकते. कागद पुरे घेऊन जा.

पुढच्या करारात तीन ओळी घालाच: जून ते सप्टेंबर मुदतीत धरायचा नाही, रेतीचा आणि चिऱ्यांचा दर ठरावीक टक्क्यांपेक्षा वाढला तर फरक मालकाचा, आणि पाया बुजवण्याआधी दोघांच्या सहीची मापे.