प्रार्थनेला बसले की झोप लागते

"ताई, मी प्रार्थनेला बसले की मला झोप लागते. एवढंच विचारायला आलेय. पाप आहे का हे?"

भर मे महिन्यात, दुपारी तीनला, ती नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आली. सिटीलिंक बसमधून उतरून चालत, पदराने मान पुसत. तिची परवानगी घेऊन लिहितेय. ओळख पटेल ते सगळं बदललंय. तिला रूथ म्हणू. वय सत्तेचाळीस. नवरा आधी अंबडच्या एका कारखान्यात होता. आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर खेपेला चार तास. सासूबाईंना काही आठवेनासं झालंय, त्या रात्री उठून दार उघडतात. घर चालतं ते रूथच्या पोळीभाजीच्या डब्यांवर, म्हणजे पहाटे चारला कणीक. त्यात चर्चच्या महिला मंडळात कुणीतरी सांगितलं, संकटात शांती मिळत नसेल तर विश्वासातच खोट आहे, पहाटेची प्रार्थना चुकवू नकोस. म्हणून ती साडेतीनला उठायला लागली.

"आणि झोपतेस किती वाजता?"

"बारा. सासूबाई उठल्या तर एक."

देवाच्या सान्निध्यात विसावा मिळतो म्हणतात, मग मलाच का मिळत नाही? हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कुणी रागाने विचारतं, कुणी रडत. झोपेची तक्रार घेऊन पहिल्यांदाच कुणी आलं होतं.

पहिल्या भेटीत मी चुकले. धीर द्यावा म्हणून कष्टी आणि भाराक्रांत लोकांना प्रभू येशूने दिलेलं विसाव्याचं वचन म्हणून दाखवलं. तिची मान खाली गेली. "पाठ आहे मला ते," म्हणाली. ज्या वचनापुढे ती रोज स्वतःला नापास करत होती, तेच मी पुन्हा तिच्यापुढे ठेवलं होतं. इतकी वर्षं हे काम करूनही जीभ घाई करतेच.

दुसऱ्या खेपेला तिच्या पिशवीतून एक वही निघाली. डाव्या पानावर नवऱ्याचं पाणी: चहा 80 मिली, गोळ्यांसोबत 50, ताक 100. त्याला लघवी जवळजवळ होत नाही. जास्तीचं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, छातीत पाणी होऊन दम लागतो. डॉक्टरांनी दिवसाचं एक लिटर ठरवून दिलेलं, ते ती काटेकोर सांभाळत होती. उजव्या पानावर लाल पेनने लिहिलेलं: 'प्रार्थना 20 मि.' खाली '12 मि., झोप लागली.' त्याखाली नुसतं '0'.

मी वही मिटून तिच्याकडे दिली आणि बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. तिला ती लहानपणापासून माहीत होती, पण कर्मेल डोंगरावर आग पडते तिथपर्यंतच. पुढचं कुणी सांगत नाही. ईजबेल राणी जिवावर उठते, हा मोठा संदेष्टा पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. आणि मागता मागता झोपी जातो. देव त्याला रागावत नाही. दूत येऊन हलवतो, ऊठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. दूत परत तेच करतो. काय झालं, इथे काय करतोस, हे देव विचारतो ते होरेब डोंगरावर, 40 दिवसांनंतर.

रूथ बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भांडंभर पाणी? मोजून नाही दिलं?" आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी 13वं स्तोत्रही काढलं. पहिल्या दोनच ओव्यांत 'कुठवर' चारदा येतं. तिने बोट ठेवून मोजलं. (मोजायची सवय एका दिवसात जात नाही.) "असं देवाला बोलायचं?" मी म्हटलं, शास्त्रातच आहे की.

पण थकव्याला विश्वासाची खोट म्हणणं जितकं चूक, तितकंच नुसता थकवा म्हणून सोडून देणंही. जीव नकोसा होतो का, हे मी सरळ विचारलं. "कधी कधी. मग पोरीचं तोंड आठवतं." डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन 7.9 निघालं, माणूस बसल्या जागी पेंगेल नाही तर काय! मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. रात्रीबेरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 तिच्या मोबाईलमध्ये मीच टाकून दिला. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तिच्या संमतीने चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलले. 'आम्ही प्रार्थनेत आठवण करतो' म्हणणारे मंडळीत ढीगभर होते. मला दर रविवारी तीन तास सासूबाईंजवळ बसणारं माणूस हवं होतं. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे शरणपूर वसवलं, गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवून घेतलं, तेव्हा शरण म्हणजे आधी छप्पर, ताट आणि हाताला काम होतं. हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं असावं. नणंद आणि मंडळातल्या दोघी तयार झाल्या, त्यातली एक ती पहाटेचा सल्ला देणारीच. साडेतीनचं उठणं बंद. प्रार्थना पोळ्या लाटताना, जमेल तेवढी.

नवऱ्याचं डायलिसिस चालूच आहे. सासूबाई अजून दार उघडतात, आता वर कडी बसवलीय.

परवा ती आली. वही आणली नव्हती. रविवारी उपासना संपल्यावर घरी जायची घाई नव्हती म्हणून मागच्या बाकावर एकटीच बसून राहिली होती.

"काय बोललीस देवाशी?"

"काही नाही. झोपले. तासभर तरी. शिपाईमामा कुलूप लावायला आले असणार, पण उठवलं नाही कुणी." थोडं थांबून म्हणाली, "उठले तर डोक्यावर पंखा चालू होता, ताई. मी बसले तेव्हा बंद होता."